चंद्री थांबते तिथं

४ डिसेंबर

आज पहिल्यांदा दवाखान्यात कुणीतरी जनावर न घेता आलं. दौलतराव. गावात त्यांचं बिछायतीचं दुकान आहे. लग्नाचे मांडव, सतरंज्या, मोठाली पातेली, लाऊडस्पीकर. मला वाटलं घरी गाय अडली असेल. मी पिशवी उचलली तर म्हणाले, “गाय नाई म्याडम, नाटक हाये.”

त्यांचं हौशी मंडळ आहे. दौलतरावांनी स्वतः लिहिलेलं एकच नाटक ते बरीच वर्षं आसपासच्या गावांत करत आले. गेली तीन वर्षं बंद होतं. आता जानेवारीत गावच्या जत्रेत पुन्हा करायचं आहे आणि बाई मिळत नाही.

“गावातल्या बायांना विचारलं का?”

“इचारलं. कोनी तयार नाई. ग्रामसभेत तुमी लसीकरनाचं बोलल्या ना, माइक बंद पडला तरी तुमचा आवाज मांगच्या लोकाइपर्यंत गेलता. तवाच म्हनलं, ही बाई पायजे.”

मी आयुष्यात कधी रंगमंचावर चढले नाही. चव्वेचाळीसाव्या वर्षी काय चढायचं? विचार करून सांगते म्हणाले. पण ते पायरी उतरायच्या आत माझं ठरलं होतं. इथल्या संध्याकाळी फार मोठ्या असतात. साताऱ्याच्या घरी ऑक्सिजनचं मशीन दिवसरात्र चालायचं, आणि त्याच्या घरघरीतूनही पलीकडच्या खाटेवरच्या आईचा श्वास ऐकू यायचा, शेवटी बारीक शिट्टी वाजणारा. दहा वर्षं मी त्या आवाजाला कंटाळले होते. आता ती गेली, मी बदली घेऊन इतक्या लांब आले, तर शांततेत झोप लागत नाही. होईल सवय.

७ डिसेंबर

तालीम बिछायतीच्या गोदामात होते. चारी भिंतींना कनातींचे गठ्ठे, गुंडाळलेल्या सतरंज्या, उलट्या घातलेल्या कढया. तिथं आवाज घुमत नाही. बोललेलं कापड पिऊन टाकतं. आपण बोललो की नाही अशी शंका यावी इतकं.

माणसं मोजकीच. नाटकात माझ्या नवऱ्याचं काम करणारा जगदेव, तो दूधसंकलनाची गाडी चालवतो. मुनाफभाई शिंपी, ते कपडेही शिवतात आणि विंगेतून वाक्यंही सांगतात. आणि दाराजवळच्या खुर्चीवर एक म्हातारी, सोजरबाई. त्या मंडळात काय करतात ते कुणी सांगितलं नाही.

मंडळाची एक रीत आहे. नव्या माणसाच्या हातावर गुळाचा खडा ठेवतात आणि त्याला भूमिकेच्या नावानं हाक मारतात. त्यानंतर गोदामात पाऊल टाकलं की खरं नाव घ्यायचं नाही. प्रयोगात तर पडदा पडेपर्यंत मुळीच नाही, काही झालं तरी. दौलतराव यावर फार कडक आहेत. एकदा जगदेवच्या बायकोनं विंगेतून “अवो, गाडीची चाबी कुठी हाये?” असं विचारलं, तर जगदेवनं तिला ओळख दिली नाही म्हणे, आणि घरी गेल्यावर त्याला चहा मिळाला नाही.

गूळ ती भूमिका आधी करणाऱ्यानं द्यायचा असतो. दौलतराव इकडे-तिकडे पाहत राहिले. मग सोजरबाईच उठल्या. खडा माझ्या तळहातावर ठेवला, माझी बोटं मिटवली आणि म्हणाल्या, “चंद्री.”

मला वाटलं, या कधीकाळी काम करत असतील. नजर तशीच आहे. अंगावर पडली की सुटत नाही.

१० डिसेंबर

नाटक साधंच आहे. चंद्रीचा नवरा वीटभट्टीच्या कामाला जातो आणि वर्षानुवर्षं परत येत नाही. ती मजुरी करून सासूला शेवटपर्यंत सांभाळते. मग एक दिवस तो दाराशी येतो. रंगमंचाच्या मधोमध नुसती चौकट उभी असते. तो बाहेर, ती आत. तो विचारतो, “ओळखलं काय मले?” आणि ती म्हणते, “ओळखलं. पन दार मी नाई उघडत.”

मी पटकन बोलून गेले, तर दौलतराव ओरडलेच.

“नाई, नाई! अठी थांबायचं. चंद्री थांबते तिथं. नाटक सारं तेवढंच हाये.”

“किती वेळ?”

“लोकाइले वाटलं पायजे, का या बाईचं आता काई खरं नाई.”

मग करून दाखवलं. पदर सोडायचा. हात गळ्याखाली, डावीकडे. तोंड किंचित उघडं. खांदे जरा वर. दौलतराव हात वर धरून उभे राहतात, तो खाली आला की बोलायचं. आज तो हात खाली आलाच नाही. “चंद्री अशी नाई थांबत,” एवढंच म्हणत राहिले. मी चंद्री कधी पाहिली आहे?

जगदेव नट म्हणून बेताचाच वाटतो. मी थांबले की समोर बघायचं सोडून खाली जमिनीकडे बघतो.

१५ डिसेंबर

दिवसभर लाळ्या-खुरकुताच्या लसी. परत येताना गाडीत थांबण्याचा सराव केला. ड्रायव्हरनं आरशातून पाहिलं आणि गाडी बाजूला घेतली. “उलटी येऊन राह्यली काय म्याडम?”

संध्याकाळी दौलतरावांना सांगितलं तर ते पहिल्यांदा हसले. “जमून राह्यलं म्हनजे.”

१९ डिसेंबर

मुनाफभाईंकडे ब्लाऊजचं माप द्यायला गेले. त्यांनी टेप काढलाच नाही. कपाटातून एक जुना जांभळा ब्लाऊज काढून माझ्या खांद्यांशी धरला. “बाजू में थोडा ढीला करना पडेंगा. बाकी बराबर हाये.”

“हा कुणाचा?”

“चंद्रीचा.” मग आपण दुकानात आहोत, गोदामात नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं असावं. “सुकेशनीचा. अंगनवाडीत होती. सोजरबाईची पोरगी.”

“ती का करत नाही आता?”

त्यांनी मशीनवर दोरा ओवला. सुईच्या भोकात तो पहिल्याच खेपेला गेला तरी ते बराच वेळ तिथंच बघत होते. “गुजर गई ना म्याडम. प्रयोगाच्या दिवशीच. दिल का कुछ होता बोलते.”

“प्रयोगानंतर?”

“आता काय सांगू,” म्हणाले, आणि मशीन सुरू केलं.

घरी आले तरी डोक्यात तेच होतं. मेलेल्या मुलीचा ब्लाऊज, तिची जागा, आणि दाराशी तिची आई बसलेली. सोडून द्यावं असं मनात आलं. पण मग दुसरंही काही आलं, ते इथं लिहायला हरकत नाही. म्हणजे त्या म्हातारीची नजर माझ्यावर पडते ती यासाठी. ती माझ्यात तिला शोधते. मला वाटलं होतं तेवढं हे वाईट वाटलं नाही.

२२ डिसेंबर

सोजरबाईंनी भाकर आणि ठेचा आणला होता. मी खात असताना जवळ बसून होत्या.

“पायऱ्या चढतानी धाप लागते काय वं तुले?”

“नाही हो.”

“पाय सुजते काय?”

“नाही.”

“निजतानी उशी एकच घेते का दोन?”

मला हसू आलं. इतकं बारीकसारीक मला कुणी विचारलं नव्हतं. आई अशीच असते. तालीम चालू असताना मी मुद्दाम त्यांच्याकडे बघते आणि त्या बघतच असतात.

२७ डिसेंबर

भावाचा फोन. बोलता बोलता तो हसायला लागला. “ताई, तू ‘काहून’ म्हणालीस आत्ता. सातारची बाई तू!”

मी म्हणाले, चंद्रीची भाषा तोंडात बसावी म्हणून. तो म्हणाला, “बरी आहेस ना?” मी म्हणाले, मस्त.

खरंच मस्त आहे. झोप यायला लागली आहे. एक गंमत लिहून ठेवते. चौकटीशी थांबले की गोदाम इतकं गप्प होतं की मला शेजारी कुणाचातरी श्वास ऐकू येतो. पहिल्यांदा वाटलं मुनाफभाई. पण ते पलीकडे असतात. भीती वाटली नाही. उलट वाटलं, हात लांब केला तर लागेल कुणीतरी.

दौलतरावांना सांगितलं नाही. त्यांचा हात आता खाली येतो, पण उशिरा.

३ जानेवारी

सुकेशनीच असणार. दुसरं कोण? तिची जागा, तिचा ब्लाऊज, तिचे शब्द. श्वास खोल जातो, मध्येच अडतो, आणि शेवटी बारीक शिट्टी वाजते. आज मी इतका वेळ थांबले की दौलतरावांचा हात खाली येऊन गेला आणि मले कळलंच नाही. मुनाफभाईंनी तीनदा “ओळखलं, ओळखलं” म्हणून वाक्य दिलं.

तालीम संपल्यावर दौलतरावांचे डोळे ओले होते. “हेच,” म्हणाले. “हेच होतं ते.”

सोजरबाईंच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. त्या माझ्याकडे नाही, जगदेवकडे बघत होत्या. का, ते समजलं नाही.

घरी जिना चढताना मध्ये उभं राहावं लागलं. थंडीचं असतं असं. तालमीत छाती भरून येते, त्याचं.

९ जानेवारी

दौलतरावांच्या सांगण्यावरून मुनाफभाईंनी शेवटच्या प्रयोगाचा तुकडा मोबाइलवर पाठवला. चंद्री थांबते तेवढाच. “एक डाव पाहून घ्या, मंग काई सांगा लागत नाई.”

जेवताना पाहिला. सुकेशनी उंच, सावळी, माझ्यापेक्षा बरीच लहान. जगदेव विचारतो, “ओळखलं काय मले?” आणि ती थांबते. पदर सुटतो. हात गळ्याखाली, डावीकडे. मी घास तोंडात धरून बसले. इतकं सुंदर थांबणं मी कुठल्या नाटकात पाहिलेलं नाही. टाळ्या सुरू होतात, वाढतात, शिट्ट्या वाजतात, आणि तुकडा संपतो.

मग कानात इअरफोन घालून पुन्हा लावला, थांबण्याची चाल नीट पकडावी म्हणून.

टाळ्यांच्या आधी थोडी जागा आहे. तिथं तिचा श्वास माइकवर येतो. वर वर, तुटक, ओढलेला. नाकपुड्या फुगतात. मानेतली शीर उडते. ओठांचा रंग दिव्यातही कळतो. खांदे वर गेलेत ते चंद्रीचे नाहीत, हवा ओढणाऱ्या जिवाचे आहेत. छाती भरलेली वासरं मी रोज बघते. मान लांब करून, पुढचे पाय फाकवून उभी असतात. गोठ्याच्या दारातून दिसली तरी मी आधी सुई भरते, मग आत जाते. इथं माणूस होतं, आणि मी तिच्या हाताची जागा पाठ करत होते.

ती थांबलीच नव्हती. तिला बोलता येत नव्हतं.

आणि जगदेव समोर उभा आहे. तिच्या डोळ्यांत बघत, आपल्या जागेवर, हात चौकटीला. तो वाट बघतो आहे तिच्या वाक्याची.

एक गोष्ट मात्र जुळत नाही. मोबाइलमधला श्वास मला ऐकू येतो तसा नाही. त्यात शिट्टी नाही. मोबाइलमध्ये नीट येत नसेल.

१० जानेवारी

दुपारी गोदामात गेले. दौलतराव कनात घडी करत होते. दुसरं टोक मी धरलं आणि सगळं सांगितलं. घडी बरोबर यावी म्हणून ते पुढे यायचे, मागे जायचे, आणि मी बोलत होते.

“तुमी जनावराच्या डॉक्टर हायेत म्याडम.”

“श्वास सगळ्यांचा सारखाच असतो.”

“ते मी शिकोलं होतं तिले. तसंच थांबायचं म्हनून. वरसभर मेहनत घेतली.” मग कनात छातीशी धरून उभे राहिले. “तुमी रोज करून राह्यल्या ना? तसंच, हुबेहूब? तुमाले झालं काय काई?”

“मला काय होणार?”

“मंग!” म्हणाले. पुन्हा एकदा विचारलं, “झालं काय काई तुमाले?” आणि इतकं सुटल्यासारखं हसले की मी गोंधळले. माझ्या तब्येतीची काळजी तर ती नव्हती. माझं काही न होणं त्यांना एवढं कशाला हवं आहे?

तिथून सोजरबाईंच्या घरी गेले. त्या अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मी म्हणाले, तुमच्यासाठी मी हे काम सोडते. तुम्हाला रोज ते पुन्हा बघावं लागतं.

“माह्यासाठी? मी कायले येतो तठी, मालूम हाये काय तुले?”

“तुम्ही मला तिच्या जागी…”

“हट! तिच्या जागी!” त्या हसल्याच. “ती केवढी उंच होती. आवाज गोड. तुहा आवाज म्हनजे गुरं हाकल्यावानी. मी तुह्याकडे नाई पाहत वं माय. मी त्या तिघाइकडे पाहतो. तुले काई झालं, तर कोन हालते ते.”

त्यांनी आणखी मूठभर शेंगा पुढ्यात ओढल्या.

“ती चौकटीले टेकून खाली बसली. हयूहयू. मान अशी. लोक उभे राहून टाया वाजवत होते. जगदेव हालला नाई. मुनाफ वाक्यं सांगत राह्यला. दौलतरावनं परदा सोडला तो टाया थांबल्यावर. कोनी तिले नावानं हाक नाई मारली. चंद्री होती ना ती तवा.”

“तुम्ही कुठं होता?”

“पयल्या रांगेत.” त्यांनी सोललेले दाणे सुपात सारखे केले. “मी बी वाजोल्या टाया.”

मी एक शेंग उचलून सोलायला लागले.

“दौलतरावले सांगतलं मी. तिले धाप लागत होती म्हनून. तर म्हने, सोजरबाई, नाटक करता करता मरन कोनाले येते असं? नशीबवान होती. तवापासून मी काई सांगत नाई. जाऊन बसतो फक्त.”

निघताना म्हणाल्या, “सोडाचं असन तर सोड. कराचं असन तर कर. पन तठी मरू नको.”

घरी येऊन रडू आलं. सुकेशनीसाठी यायला हवं होतं. खरं लिहायचं तर ‘मी तुह्याकडे नाई पाहत’ याचं आलं.

११ जानेवारी

सोडलं नाही. ठरवलंय की प्रयोगात थांबायचंच नाही. जगदेवनं विचारलं की लगेच बोलायचं. दौलतराव काय करतील ते करोत. तालमीत मात्र तसंच थांबत राहते, नाहीतर त्यांना कळेल.

की मलेच थांबावंसं वाटते? तेवढाच वेळ तर सोबत असते.

१८ जानेवारी

तालीम. श्वास होता.

२० जानेवारी

तालीम. होता.

२४ जानेवारी

काल प्रयोग झाला. आजच लिहून ठेवते.

जत्रेच्या मैदानात मांडव होता. दहाला स्पीकर बंद करावा लागतो म्हणून दिवस मावळताच नाटक सुरू केलं. एका बाजूला बायका, एका बाजूला पुरुष, मागे ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर पोरं. सोजरबाई पहिल्या रांगेत. पहिले दोन प्रवेश बरे गेले. सासू, म्हणजे खाटेवर पांघरलेली गोधडी, मरते तिथं मागून एक बाई म्हणाली, “सुटली बिचारी,” आणि सगळे हसले.

मग चौकट. जगदेव फेटा बांधून बाहेर उभा. “ओळखलं काय मले?”

वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. लगेच बोलायचं म्हणून मी तोंड उघडलंही. आणि ते आलं नाही. हात गळ्याखाली गेला. मी नेला नाही. पदर सुटला. शेजारी श्वास सुरू झाला, इतका जवळ की कानाशी ऊब लागली. आत जाताना अडत होता, बाहेर येताना शिट्टी वाजत होती, आणि माझाही त्याच्याबरोबर अडायला लागला. मला सुटता आलं असतं का? माहीत नाही. मला सुटायचं नव्हतं. तिथंच राहायचं होतं. तो आहे तोवर कुणी गेलेलं नाही, असं काहीतरी वाटत होतं. कोण, ते नाही सांगता येत.

टाळ्या पुरुषांच्या बाजूनं सुरू झाल्या. मग बायकांच्या. ट्रॉल्यांवरून शिट्ट्या. विंगेतून मुनाफभाई, “ओळखलं… ओळखलं…” दौलतराव दुसऱ्या विंगेत हात वर धरून उभे होते. दिवे लांब जायला लागले. मी चौकटीला टेकले.

तेव्हा जगदेवनं मान वर केली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यानं मी थांबलेली असताना माझ्याकडे बघितलं. आणि चौकट ओलांडून आत आला. नाटकात तो आत येत नाही, कधीच. माझा कोपर धरला.

“निताताई,” तो म्हणाला, “बरं वाटून राह्यलं ना तुमाले?”

छातीवर माइक होता. सगळ्या मैदानानं ऐकलं. आधी कुणीतरी एक हसलं, मग सगळे. “अबे, नवरा घरात घुसला!” “निताताई कोन?” “डॉक्टरीन हाये ना ते, गुराइची!” टाळ्या हसण्यात बुडाल्या. जगदेवच्या कपाळावरून घाम फेट्यातून खाली येत होता. त्यानं कोपर सोडला नाही. पुन्हा विचारलं, “ताई, बोला. बरं वाटते ना?”

“नाही,” मी म्हणाले. तेही स्पीकरवर गेलं. “मला बरं वाटत नाही.”

हसणं पुढच्या रांगेपासून मागे थांबत गेलं. पडदा पडला.

पडद्यामागे मला एका पालथ्या कढईवर बसवलं. कुणी पाणी दिलं. माझी नाडी मीच पाहिली, फार जोरात होती पण नीट होती. दौलतराव पडद्याचा दोर धरून उभे होते. माझ्यावर चिडतील असं वाटलं. ते मुनाफभाईंकडे बघत होते.

“तवा… तिले कोनी इचारलं होतं काय रे?”

“नाई भाऊ.”

“कोनीच नाई?”

“चंद्रीले कसं इचारनार? परदा कहाँ गिरा था.”

दौलतरावांनी हातातल्या दोराकडे बघितलं. मग तो खुंटीला गुंडाळायला लागले, सोडायला लागले, पुन्हा गुंडाळायला लागले. जगदेव मातीत उकिडवा बसून दोन्ही हातांनी तोंड पुसत होता. तो रडतोय हे कळायला मला वेळ लागला.

सोजरबाई कनात उचलून आत आल्या. आधी माझी पापणी खाली ओढून बघितली, नखं बघितली. “श्वास घे,” म्हणाल्या. मी घेतला. “आजून.” घेतला. मग जगदेवपाशी गेल्या. त्याचा फेटा एका बाजूला सुटला होता, तो वाकून नीट खोचला.

“हाललास ना बाबा,” एवढंच म्हणाल्या.

बाहेर लोक ओरडायला लागले होते. सोजरबाई कनातीपर्यंत गेल्या आणि वळल्या.

“मंग करा ना पुढं. लोक बसले हायेत. थांबले कायले?”

दौलतरावांनी माझ्याकडे बघितलं. मी उठले. ते विंगेत गेले, आणि या वेळी त्यांचे दोन्ही हात दोरावर होते.

पडदा वर गेला. थोडं हसणं झालं, ते विरलं. जगदेव चौकटीबाहेर उभा राहिला. डोळे लाल, पण माझ्यावर.

“ओळखलं काय मले?”

“ओळखलं,” मी म्हणाले, लगेच, सरळ, गुरं हाकलावीत त्या आवाजात. “पन दार मी नाई उघडत.”

टाळी एकही पडली नाही. मागे एक लेकरू रडत होतं, कुणी शेंगा फोडत होतं. माझ्या शेजारी काही नव्हतं. मी वाट बघितली, अगदी थोडी, कुणाला कळणार नाही इतकी. नव्हतंच. चौकटीच्या आतल्या बाजूला मी एकटी होते आणि पुढचं वाक्य जगदेवचं होतं. तीन वर्षांत रंगमंचावर कुणी न म्हटलेलं. तो अडखळला, मुनाफभाईंनी सांगितलं, त्यानं म्हटलं.

शेवटच्या प्रवेशात चंद्री प्रेक्षकांकडे तोंड करून बसते, तेव्हा मी पहिल्या रांगेत बघितलं. सोजरबाई कुणावरच नजर ठेवून नव्हत्या. शेजारणीच्या ओंजळीतल्या शेंगा घेत, तोंड जरा उघडं ठेवून, त्या नाटक पाहत होत्या.